एनिफाचा सत्तावीस इंची मॉनिटर

मलावी देशातल्या झोम्बाच्या बाजारात खालच्या अंगाला, जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांची रांग संपते तिथे फलेसीचं फोटोकॉपीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढी जागा. त्यातली निम्मी जागा एकवीस वर्षं एनिफा नामालोम्बाची होती. एक टेबल, एक खुर्ची, एक लॅपटॉप. युनिव्हर्सिटीत शिकणारे, शिकवणारे, शिकता शिकता म्हातारे झालेले, सगळ्यांचे प्रबंध या टेबलावर टाइप झाले.

एनिफा टायपिंग शिकली ती सरकारी कचेरीत, टाइपरायटरवर. तिथली हेडबाई नव्या मुलींच्या हातांवर फडकं टाकायची, म्हणजे बटणं दिसू नयेत. कचेरीतली माणसं कमी केली तेव्हा एनिफा बाजारात येऊन बसली. नवरा त्याच्या आधीच दक्षिण आफ्रिकेत खाणीवर गेला होता. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही आटली. मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावरून हळहळायला लागलं की ती म्हणायची, “माझी पोरं सगळी लायब्ररीत उभी आहेत, काळे कोट घालून, ओळीनं.” काळ्या कापडात बांधलेले प्रबंध म्हणजे तिची पोरं.

आणि ती नुसती टाइप करत नसे. वाचायची. एकदा एका पोरीच्या प्रबंधातला तक्ता टाइप करताना थांबली आणि म्हणाली, “तुझी माणसं वर एकशे चाळीस आहेत आणि खाली बेरीज एकशे छत्तीस. मधली चार कुठं गेली? पुरलीस का?” पोरगी रडकुंडीला आली, पण परीक्षेत वाचली. तेव्हापासून सर लोकसुद्धा आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचे, आधी एनिफाबाईंकडे जा, मग माझ्याकडे ये.

डोळ्यांचं सुरू झालं ते कपापासून. उजव्या हाताला ठेवलेला चहाचा कप तिनं एकाच आठवड्यात तीनदा सांडला. मग गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहिलं तरी तिला पत्ता लागेना, आणि ते बोललं की ती दचकायची.

“मी काय भूत आहे का, ताई?” फलेसी म्हणायची.

“पाय वाजवत ये ना जरा. मांजरीसारखी येतेस.”

“या चपला घालून? या चपलांचा आवाज लिवोंडेपर्यंत जातो!”

पावसाळ्याच्या तोंडावर एनिफा बाजारातल्या गटारात पडली, गुडघा फुटला. मग फलेसीनंच तिला मिनीबसमध्ये घातलं आणि ब्लँटायरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, ठिपके दिसतील तसं बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ एनिफाला ठिपके दिसलेच नाहीत. तिला वाटलं यंत्र बंद आहे.

“डोळ्यातला दाब वाढलाय, आई,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मागची नस सुकतेय. कडेनं सुकत आत येते. गेलं ते परत येणार नाही. हे थेंब रोज घालायचे आणि उरलंय ते जपायचं.”

परतीच्या वाटेवर एनिफाच्या डोक्यात एवढंच राहिलं की नजर कमी होत चालली आहे. कडेनं म्हणजे काय, हे तिनं विचारलं नव्हतं. दाराबाहेर अजून पन्नास-साठ माणसं बाकांवर बसली होती, त्यांच्यापुढे कुठं चौकशा करत बसायचं?

अक्षरंही फिकट दिसू लागली होती, शाई संपत आलेल्या मशीनमधून निघाल्यासारखी. तिनं लॅपटॉपवर अक्षरं मोठी केली. तर ओळ पडद्याबाहेर जाऊ लागली. वाक्याचं डोकं दिसे तर शेपूट हरवे. ते शोधता शोधता ती कुठं होती हेच विसरून जायची. दोषाचं खापर तिनं पडद्यावर फोडलं. केवढासा तो पडदा! अक्षरं मोठी आणि पडदाही मोठा, असं झालं तर काम चालेल, असं तिच्या मनानं घेतलं. आणि एकदा घेतलं ते घेतलंच.

भूगोलाचे म्पासूसर निवृत्त होऊन घर रिकामं करत होते. त्यांची दोन पुस्तकं एनिफानं टाइप केलेली. ती फलेसीला घेऊन निरोपाला गेली तेव्हा त्यांच्या पडवीत एक भला मोठा मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवलेला.

“नकाशे बघायला घेतला होता,” सर म्हणाले. “सत्तावीस इंच. कॉम्प्युटर कधीच जळाला. हा चालतो, माझ्या माहितीनं. तुम्हाला हवाय?”

एनिफानं मॉनिटरवर हात ठेवला तो काढलाच नाही. फलेसीनं तो कमरेला गुंडाळायच्या चितेंजेच्या कापडात बांधला, डोक्यावर घेतला आणि टेकडीवरून बाजारापर्यंत, एका हाताचाही आधार न देता, झुलत झुलत आणला. वाटेत बायका विचारत होत्या, “काय गं, दार विकत घेतलंस का?”

टेबलावर ठेवला तेव्हा तो भिंतीसारखा दिसत होता. एनिफानं त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. वायर खुपसायच्या दोन जागा होत्या. एक रुंद, पण तिच्यात कुणीतरी कधीतरी जोर केलेला, तुटलेल्या पिना आतच अडकून बसलेल्या. ती जागा बादच. दुसरी बारीक, चपटी, एक कोपरा तिरका तासलेला. आणि लॅपटॉपच्या कडेला होती तीही चपटीच, पण तिचे खालचे दोन्ही कोपरे तासलेले. एक कोपरा आणि दोन कोपरे, एवढाच फरक. तिला वाटलं, आता मधे फक्त एक वायर.

वायरसाठी लांब जायची गरज नव्हती. समोरच लास्टनची टपरी. मोबाइल दुरुस्त करायचा, रेडिओ दुरुस्त करायचा, इस्त्र्याही करायचा. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द लास्टनच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

“मावशी,” तो म्हणाला, “जगात असं भोक नाही ज्याचं बूच लास्टनकडे नाही.”

आणि खरंच त्यानं पेटीतून वायर काढली. एका टोकाला दोन कोपरे तासलेलं एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला एक कोपरा तासलेलं डिस्प्लेपोर्ट. एनिफानं दोन्ही टोकं चाचपून पाहिली. अगदी तीच. दोन्ही टोकं टक्‌कन आवाज करून बसली. फलेसीनं फोटोकॉपी थांबवली. मॉनिटरचं बटण दाबलं तसा बारीक दिवा लागला, काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट उगवली आणि इकडून तिकडे तरंगू लागली.

“काय म्हणतंय?” एनिफानं विचारलं.

“सिग्नल नाही,” फलेसीनं वाचलं.

लास्टननं वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. लॅपटॉपची बटणं दोन-दोन, तीन-तीन एकदम दाबली. शेवटी कपाळ पुसत म्हणाला, “मॉनिटर मेलाय, मावशी.”

“मेलाय?” फलेसी म्हणाली. “मेलेला माणूस लिहून सांगतो का, मला ऐकू येत नाही म्हणून?”

“मग लॅपटॉप मेलाय.”

“तुझी अक्कल मेलीय!”

तीन दिवस लास्टन सवड मिळेल तसा येऊन खटपट करत होता. एनिफा त्याला अडवत नव्हती. तो बिचारा पैसेही मागत नव्हता. चौथ्या दिवशी त्यानं यायचं बंद केलं आणि आपल्या टपरीत जरा पलीकडे तोंड करून बसू लागला.

मग एनिफा ब्लँटायरला गेली. एकटी. फलेसीला दुकान सोडणं शक्य नव्हतं. मिनीबसमधून उतरताना तिनं आधी पाय चाचपून मग टाकला, तर मागचा कंडक्टर ओरडला, “आजी, जमीन आहे, पाणी नाही!” सगळी बस हसली. तीही हसली.

तिथल्या दुकानात थंडगार हवा होती आणि शर्टात पेन खोचलेला विक्रेता. तिनं लॅपटॉपच पिशवीतून नेला होता. त्यानं तो फिरवून पाहिला आणि म्हणाला, “आई, एचडीएमआयच्या नादी लागूच नका. ते जुनं झालं. हे बघा, या कडेला टाइप-सी आहे. आता सगळं यातूनच चालतं. चार्जिंग यातून, चित्र यातून, आवाज यातून.” त्यानं एक जाडजूड वायर काढली, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट.

“नक्की चालेल?”

“बसतंय ना? बसलं की चाललं.”

दोन आठवड्यांच्या मक्याच्या पिठाचे पैसे त्या वायरीत गेले. दुपारी ती परत आली, पाणीही न पिता वायर लावली. बसली. छान बसली. आणि पडद्यावर तीच चौकट, इकडून तिकडे, पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखी. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, पाकीट फोडलेला माल परत घेत नाही.

नेमके तेच प्रबंध द्यायचे दिवस. ग्रेवाझिओ चिसाले म्हणून एक मास्तर होते, मालोसाकडच्या शाळेत शिकवायचे. चाळिशी उलटल्यावर मोठी पदवी घ्यायला बसले होते. चिलवा सरोवर आटतं तेव्हा मासे मारणारी कुटुंबं कुठं जातात, यावर त्यांचा प्रबंध. हातानं लिहायचे, बारीक अक्षरात. ते अक्षर आता एनिफाला वाचता येईना, म्हणून फलेसीनं वाचायचं आणि एनिफानं टाइप करायचं असं ठरलं. मधेच गिऱ्हाईक आलं की फलेसी उठायची, परत येऊन ओळ शोधायची. काम रखडत चाललं, पण चाललं. एनिफाला मनातून उलट बरंच वाटत होतं. बोटं अजून तशीच पळत होती. फडक्याखाली शिकलेली बोटं!

चौथं प्रकरण संपलं त्या दिवशी दुपारी वीज नव्हती. संध्याकाळी आली तशी फलेसीनं घाईघाईनं कागद छापले, पाकिटात घातले. मास्तर न उघडताच घेऊन गेले, त्यांना शेवटची मिनीबस गाठायची होती.

दोन दिवसांनी ते परत आले. पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभे राहिले.

“बसा ना, मास्तर.”

“बाई,” ते म्हणाले, “हे जरा बघता का?”

फलेसीनं कागद घेतला, वाचायला लागली आणि अर्थ नसलेली चार अक्षरं म्हणून थांबली. पहिली चार पानं ठीक होती. पुढची बावीस पानं म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. डाव्या हाताची अक्षरं बरोबर, उजव्या हाताची सगळी एक घर सरकलेली. बोटाला खूण कळावी म्हणून उजव्या हाताखालच्या बटणावर एक उंच रेघ असते. एनिफाच्या लॅपटॉपवरची ती रेघ कधीच झिजून गेली होती. जेवून परत बसताना तिचा उजवा हात एक बटण पलीकडे पडला होता आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक वेळी तिथेच पडत राहिला. तिनं पडद्याकडे पाहिलं होतं. पण काय पाहिलं होतं?

“सगळं असंच आहे?” एनिफानं विचारलं.

फलेसीनं पुढची पानं उलटली.

“अगं सांग ना, सगळं असंच आहे?”

“बावीस पानं, ताई.”

मास्तर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि शाळेतल्या पोराला विचारावं तसं हळू विचारलं, “बाई, तुम्हाला किती दिसतं?”

एकवीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं मॉनिटरकडे हात केला आणि सगळी हकीकत सांगितली. हा एवढा जोडला गेला की सगळं ठीक होणार आहे, म्हणाली. दोन वायरी आणल्या, दोन्ही बसतात, दोन्ही चालत नाहीत.

मास्तरांनी प्रबंध काढून नेला नाही. तिला घेऊन ते युनिव्हर्सिटीत गेले. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल करणारी तियांजाने म्क्वांडा त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं दोन्ही वायरी हातात घेतल्या, एकेक बाजूला ठेवली.

“मावशी, वायर दोन्हीकडे बसते म्हणजे ती दोन्हीकडून चालते असं नसतं. ही पहिली एकाच दिशेनं जाते. डिस्प्लेपोर्टच्या कॉम्प्युटरमधून एचडीएमआयच्या टीव्हीकडे. तुम्हाला पाहिजे उलटं. नदीला सांगितलं वर चढ, तर चढेल का?”

“आणि ही दुसरी?”

“ही चांगली आहे. पण तुमच्या लॅपटॉपचं टाइप-सीचं भोक फक्त चार्जिंगचं आणि फाइलींचं. चित्र जाणारं भोक दिसायला असंच असतं. शेजारी बारीक खूण छापलेली असते कधी कधी. तुमच्याकडे ती नाही.”

एनिफानं भोकाशेजारी बोट फिरवलं. छापलेली खूण बोटाला कळली नसती, पण तिनं फिरवलं.

“मग काय पाहिजे?”

“डबी पाहिजे. एचडीएमआय आत, डिस्प्लेपोर्ट बाहेर. या क्रमानं सांगायचं. आणि तिला वीज घ्यायला वेगळी शेपटी असली पाहिजे. शेपटी नसेल तर घेऊ नका. इथं मिळणार नाही, ब्लँटायरलाही नाही. बाहेरून आणावी लागेल.” तिनं जाड पेननं कागदावर ते लिहून दिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, “मॉनिटर तरी जिवंत आहे का ते बघू.”

काम सुटल्यावर ती स्वतःचा लॅपटॉप घेऊन बाजारात आली. तिच्या लॅपटॉपला चित्र जाणारं टाइप-सी होतं. ब्लँटायरची जाड वायर तिनं लावली. दुकानात फलेसी, मास्तर, तियांजाने आणि तोंड लपवून आलेला लास्टन. एनिफाला आत जागाच उरली नाही, ती दाराबाहेर रस्त्यावर उभी होती. आणि एकदम तो भला मोठा पडदा उजळला. निळं तळं, मागे डोंगर, कडेला झाडं. सगळं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिला दिसलं.

“दिसतंय!” ती रस्त्यातूनच ओरडली. “फलेसी, मला सगळं दिसतंय गं!”

लास्टन म्हणाला, “मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, मॉनिटर चांगला आहे,” आणि फलेसीनं त्याला हातातल्या कागदांनी झोडपलं.

फलेसीचा भाऊ योहाने ट्रक घेऊन जोहान्सबर्गला जायचा. तियांजानेचा कागद त्याच्याकडे दिला. पहिल्या खेपेला त्याला वेळ झाला नाही. दुसऱ्या खेपेला ट्रक सरहद्दीवर अकरा दिवस अडकला. सात आठवडे गेले. मास्तरांचं चौथं प्रकरण फलेसीनं एका बोटानं, दुपार-दुपार बसून नीट केलं. बाकीची गिऱ्हाइकं थांबली नाहीत. बावीस पानांची गोष्ट बाजारभर झाली होती. युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोर दोन नवी टायपिंगची दुकानं होती, पोरं तिकडे वळली. पुढून जाणारे ओळखीचे सर लोक “कशा आहात बाई?” विचारायचे आणि उत्तराच्या आत पुढे जायचे. थेंबांची बाटली कधी मिळायची, कधी औषधांच्या दुकानातल्या बाई नाही म्हणून मान हलवायच्या. त्या दिवसांत एनिफा टेबलाशी बसून मॉनिटरवरची धूळ पुसायची. रोज. फलेसी म्हणायची, “पुसून पुसून आरपार दिसेल आता.”

“येऊ दे गं डबी. मग बघ.”

डबी आली ती एका मंगळवारी. आगपेटीएवढी, काळी, शेपटीसकट. योहानेनं दुकानदाराला कागद वाचून दाखवला होता, त्या क्रमानं, दोनदा. तियांजानेला बोलवायचीही गरज पडली नाही. एनिफानं स्वतः चाचपून लावलं. लॅपटॉपमधून एचडीएमआय डबीत, डबीची शेपटी विजेला, डबीतून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला. बटण दाबलं.

पडदा उजळला.

फलेसीनं किंचाळून टाळ्या पिटल्या. शेजारच्या कपडेवाल्या बायका धावत आल्या. एकीनं नाचायला सुरुवात केली. एनिफानं खुर्ची ओढली, बसली, मास्तरांच्या चौथ्या प्रकरणाची फाइल उघडली आणि अक्षरं मोठी केली. खूप मोठी.

मग तिची बोटं थांबली.

फलेसीला आधी वाटलं की तिला भरून आलंय. तिनं बायकांना बाहेर पिटाळलं. एनिफा मान डावीकडून उजवीकडे नेत होती, हळूहळू, जमिनीवर सांडलेले दाणे वेचावेत तशी. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

“ताई?”

“तीन अक्षरं दिसतात,” एनिफा म्हणाली.

“म्हणजे?”

“एका वेळी तीन. पुढची तीन बघायला मान फिरवावी लागते. तोवर आधीची जातात.” तिनं अक्षरं लहान केली, तर ती पुन्हा फिकट, मुंग्यांसारखी. मोठी केली, तर तीन. ती उठली, खुर्ची मागे सरकवली. आणखी मागे. दाराशी. दाराबाहेर रस्त्यावर, जिथे त्या दिवशी ती उभी होती तिथे. तिथून सगळा पडदा दिसत होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पण तिथून ती अक्षरं लॅपटॉपवर असायची तेवढीच दिसत होती. आणि तिथून हात बटणांपर्यंत पोचत नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कडेनं. कडा गेल्या होत्या. तिच्याकडे एक नळी उरली होती, आणि नळीतून घर बघायचं तर घर लांब असावं लागतं. पडदा लहान असल्यानं काही बिघडलं नव्हतं. लहान होता म्हणूनच आजवर जेवढं चाललं तेवढं चाललं होतं.

“फलेसी,” ती रस्त्यावरूनच म्हणाली, “बंद कर ते. वीज जळतेय.”

फलेसीनं बंद केलं नाही. ती बाहेर आली आणि एनिफाच्या शेजारी उभी राहिली. एनिफाला ती आलेली कळली नाही. फलेसीनं हात धरला तेव्हा कळलं.

तियांजानेनं बोलणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते वाचायचं, भराभर, नाकातून, कुठल्या तरी परक्या देशाच्या सुरात. चिसाले हे नाव त्याला एकदाही धड म्हणता आलं नाही. बाजाराच्या गोंगाटात अर्धं ऐकू यायचं नाही, आणि स्वल्पविराम कुठं आहे, आडवी रेघ कुठं आहे, हे नेटानं विचारत बसलं तर एक पान व्हायला सकाळ जायची. दोन आठवडे तिनं ते केलं. मास्तर शेवटपर्यंत तिच्याकडेच येत राहिले. शेवटचं प्रकरण त्यांनी तीन दुपारी स्वतः मोठ्यानं वाचलं आणि तिनं डोळे मिटून ऐकत चुका सांगितल्या. तिसऱ्या दुपारी ते म्हणाले, “बाई, असंच करत जा ना. ऐकून तपासून द्यायचं.” तिनंही आशेनं पाटीवर तसं लिहवून घेतलं. पण आपला प्रबंध कुणाला तरी बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा, एवढी सवड मास्तरांशिवाय कुणाला नव्हती. दीड महिन्यात दोन माणसं आली. त्यातलं एक पत्ता विचारायला.

ऑगस्टमध्ये एनिफानं टेबल सोडलं. मेमरी म्हणून चोवीस वर्षांची पोरगी तिथे बसायला आली. मॉनिटर पाहून तिला स्वर्ग दोन बोटं उरला. दोन पानं शेजारी-शेजारी उघडून भराभर टाइप करायची. एनिफा तीन आठवडे तिला शिकवायला येत होती. संदर्भांची यादी कशी लावायची, तक्त्याची बेरीज का मारून बघायची.

“सॉफ्टवेअर लाल रेघ दाखवतं ना, मावशी,” मेमरी म्हणायची.

“बेरजेखाली लाल रेघ येत नाही, पोरी.”

“हो, मावशी,” मेमरी म्हणायची आणि पुढे टाइप करायची. चौथ्या आठवड्यात एनिफा डोमासीला बहिणीकडे राहायला गेली.

डिसेंबरात, पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा, फलेसी गरम मंडासींची, तळलेल्या गोड पिठाच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन तिला भेटायला गेली. एनिफा अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. डावा डोळा आता पूर्ण गेला होता. उजव्यात नाण्याएवढा उजेड होता. थेंबांची बाटली बहिणीनं खिडकीत ठेवली होती, रिकामी.

“मास्तरांना पदवी मिळाली,” फलेसी म्हणाली. “दुकानात येऊन गेले. तुला सांग म्हणाले.”

“बरं झालं.” एनिफानं चार शेंगा सोलल्या. “शेवटी संदर्भांची यादी कुणी लावली?”

“मेमरीनं.”

“चुका राहिल्या असतील.”

“राहिल्या असतील. पण पास झाले ना, ताई.”

“मग कुणी वाचली नाही ती यादी,” एनिफा म्हणाली.

फलेसीनं पिशवी उघडली. तिनं मंडासी काढून एनिफाच्या हातात दिली. दोघींनी खाल्ली. फलेसी बाजारातल्या गोष्टी सांगत राहिली, लास्टनचं लग्न ठरतंय, कपडेवालीची पोरगी पळाली. एनिफा हसायचं तिथे हसली. मग आभाळ पुन्हा भरून आलं आणि फलेसीला मिनीबस गाठायची होती.

घराच्या दारापासून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत बहिणीनं एक नायलॉनची दोरी बांधून दिली होती, एनिफाला एकटीला जाता-येता यावं म्हणून. फलेसी निघाली तशी एनिफा उठली, दोरी हातात धरली आणि तिला पोचवायला निघाली. दोरी संपली तिथे ती थांबली.

“जपून जा गं,” ती म्हणाली.

फलेसी रस्त्याला लागली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. एनिफा तिथेच उभी होती, तोंड भलत्याच दिशेला करून, आणि हात हलवत होती.